शंटिंगचे इंजिन प्रदर्शनात अडखळू नये म्हणून

आपले पत्र मी दोनदा वाचले. वेस्ट स्प्रिंगफिल्ड येथील जानेवारीतल्या रेल्वे प्रदर्शनात आपण एचओ मापाचे (लघुरेल्वेच्या नमुन्यांचे १:८७ हे प्रमाण) एक वापरलेले शंटिंग इंजिन, म्हणजे यार्डात डब्यांची जुळवाजुळव करणाऱ्या इंजिनाचा नमुना, विकत घेतले. घरी गोल रुळावर ते सुरळीत धावते, पण वेग कमी करून सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फुटतो त्या जागी, नेले की हटकून थांबते. पुढच्या हिवाळ्यात आपल्या क्लबच्या दालनात शंटिंगची एक लहान मांडणी चालवायची जबाबदारी आपल्याकडे आली आहे. त्यासाठी कोणते इंजिन घ्यावे, मांडणी केवढी असावी आणि दोन दिवस ती चालती कशी ठेवावी, असे आपण विचारता. शेवटी, काहीशा संकोचाने, अशा मांडणीत मिरजेचे यार्ड दाखवता येईल का, असेही आपण विचारले आहे. संकोचाचे कारण नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत आनंदाने द्यायचे आहे, म्हणून ते शेवटी ठेवतो.

या सर्व प्रश्नांचा गाभा एकच आहे. शंटिंगचे इंजिन वेगात कसे धावते याला महत्त्व नाही. ते किती सावकाश आणि किती सलग चालते, एवढेच पाहायचे असते. अमेरिकेतील रेल्वेच्या कामकाजात वाघिणी (मालडबे) जोडताना वेग ताशी चार मैलांच्या आत ठेवण्याची शिस्त आहे, म्हणजे माणूस झपझप चालेल एवढाच वेग. एचओच्या १:८७ या प्रमाणात तो सेकंदाला साधारण दोन सेंटीमीटर भरतो, म्हणजे एक फूट अंतर कापायला पंधरा सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून पाहा. आपण आजवर किती घाईने इंजिन चालवत होतो हे तेव्हाच कळते. माझी स्वतःची कसोटी याहून कडक आहे. सेकंदाला एक स्लीपर (रुळाखालची आडवी पट्टी), म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर, एवढ्या गतीने इंजिन मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक सांध्यावरून, एकदाही न थांबता गेले पाहिजे. या कसोटीला उतरलेले इंजिन प्रदर्शनात क्वचितच दगा देते, आणि न उतरलेले इंजिन कितीही देखणे असले तरी मी ते प्रदर्शनाला नेत नाही.

इंजिनाची निवड करताना मूळ इंजिनांचा थोडा इतिहास माहीत असला तर उपयोग होतो, कारण त्यांची लांबी, चाके आणि बोगी (चाके बसवलेली खालची फिरती चौकट) यांवरच नमुन्याचे वागणे ठरते. वाफेच्या काळात यार्डातले काम मुख्यतः ०-६-० आणि ०-८-० या रचनेची इंजिने करीत; यातला मधला आकडा ओढणाऱ्या चाकांचा आणि बाजूंचे दोन आकडे पुढच्या-मागच्या लहान चाकांचे. वेग कमी असल्यामुळे पुढे वाट दाखवणाऱ्या लहान चाकांची गरज नसे आणि सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडे. १९२० आणि १९३० च्या दशकांत डिझेल इंजिने आली ती प्रथम यार्डातच रुळली, कारण दिवसभर थांबत-चालत काम करणाऱ्या इंजिनाला सतत वाफ धरून ठेवण्याचा खर्च तिथे सर्वांत जास्त जाणवत होता. इलेक्ट्रोमोटिव्ह या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या एसडब्ल्यू मालिकेचे नाव त्याच काळातले आहे: एस म्हणजे इंग्रजीतल्या सहाशे अश्वशक्तीचे आद्याक्षर आणि डब्ल्यू म्हणजे वेल्ड केलेली चौकट. एनडब्ल्यूमधील एन हे नऊशेचे आद्याक्षर. पुढे अश्वशक्ती वाढत गेली तरी अक्षरे तशीच राहिली. एनडब्ल्यू २ हे १००० अश्वशक्तीचे आहे आणि एसडब्ल्यू १२०० हे नावाप्रमाणे १२०० अश्वशक्तीचे. स्केनेक्टडीच्या अल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) या कंपनीने याच कामासाठी एस मालिका काढली, तिच्यातील एस २ हेही १००० अश्वशक्तीचे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण पुणे-मिरज मार्गाच्या आसपास गेले त्यांनी अल्कोच्या घराण्यातील इंजिनांचा आवाज नक्की ऐकलेला आहे, कारण भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम २ हे मूळ अल्कोचेच आणि त्याची पहिली इंजिने १९६२ साली अमेरिकेतूनच गेली. एस २ चे यंत्र त्याहून जुन्या जातीचे, पण ती कंपनी एकच. प्रदर्शनात एस २ दिसले की माझा हात आपोआप तिकडे वळतो तो यामुळेच.

जनरल इलेक्ट्रिकचे ४४ टनी इंजिन हे या सर्वांत लहान आणि लोकांचे विशेष लाडके. त्याचे वजन कुणा अभियंत्याच्या आवडीने ठरलेले नाही. १९३७ साली अमेरिकेतील रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला त्यानुसार चालक चाकांवरचे वजन ९०,००० पौंड किंवा अधिक असेल तर इंजिनावर दुसरा माणूस, म्हणजे फायरमन, ठेवणे भाग होते. ४४ अमेरिकन टन म्हणजे ८८,००० पौंड, म्हणून हे इंजिन एका माणसावर चालवता येई. प्रदर्शनात ही गोष्ट सांगितली की समोर उभे असलेले लोक इंजिनाकडे पुन्हा एकदा निरखून पाहतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पहिल्या प्रदर्शनासाठी माझा सल्ला असा की दोन बोग्या आणि आठ चाके असलेले, एका टोकाला केबिन असलेले डिझेल शंटर घ्यावे. एसडब्ल्यू, एनडब्ल्यू २ किंवा अल्को एस यांपैकी काहीही चालेल. काटोचे एनडब्ल्यू २ आणि अॅटलासची एस मालिका या दोन्ही मी अनेक वर्षे चालवतो आहे आणि दोन्हींची संथ गती मला समाधान देते. आठही चाके वीज घेत असतील आणि एकाही चाकावर रबराचे कडे नसेल, असेच इंजिन निवडावे. रबराच्या कड्याने ओढण्याची ताकद थोडी वाढते, पण ते चाक वीज घेईनासे होते, आणि आपल्याला पाच वाघिणी ओढायच्या आहेत, पन्नास नव्हेत. ०-४-० रचनेचे वाफेचे इंजिन मला मनापासून आवडते, तरीही नवख्याने ते प्रदर्शनाला नेऊ नये असेच मी म्हणेन. चारच चाकांवर उभे असलेले इंजिन सांध्यावर जाते तेव्हा वीज घेणारी चाके दोनच उरतात, कधी तीही नाहीत.

आता आपण घेतलेल्या इंजिनाकडे वळू. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाला फ्रॉग म्हणतात. तिथे डावा आणि उजवा असे दोन्ही रूळ एकत्र येतात, त्यामुळे शॉर्ट सर्किट टाळण्यासाठी तयार मिळणाऱ्या बऱ्याच सांध्यांत तो भाग विजेपासून तोडलेला असतो. ही मृत पट्टी साधारण इंचभराची असते, आणि एसडब्ल्यूच्या बोगीतील दोन धुऱ्यांमधले अंतर मूळ इंजिनात आठ फूट, म्हणजे एचओमध्ये २८ मिलिमीटर असते. अर्थात पुढची बोगी फ्रॉगवर असताना तिचे एखादे-दुसरे चाक मृत पट्टीवर असणारच. तेवढ्या क्षणापुरती मागच्या बोगीने वीज घेतली पाहिजे. आपले इंजिन थांबते याचा अर्थ कुठल्या तरी बोगीकडून वीज येतच नाही. वेगात असताना जडत्वाच्या जोरावर ते तो इंच ओलांडून जाते, म्हणून गोल रुळावर दोष दिसत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची एक साधी रीत आहे. सरळ रुळावर कागदाची एक अरुंद पट्टी ठेवा आणि पुढची बोगी त्या कागदावर, मागची उघड्या रुळावर अशा रीतीने इंजिन उभे करा. वीज दिल्यावर इंजिन हलले तर मागची बोगी निर्दोष आहे. जागचे हलले नाही तर दोष मागे आहे. मग उलट करून पाहा. दोषी बोगी सापडली की प्रथम चाके पुसा. शोषक कागद मिनरल स्पिरिटने ओलसर करून रुळावर अंथरायचा, एक बोगी त्यावर ठेवायची, इंजिन हाताने धरून चाके फिरू द्यायची. कागदावर काळ्या रेघा उमटतात, त्या उमटायच्या थांबेपर्यंत जागा बदलत राहायचे. पूर्वी मीही यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असे, परंतु मिनरल स्पिरिटने पुसलेले रूळ अधिक काळ स्वच्छ राहतात असे मला वाटू लागल्यापासून मी ते सोडले. ज्वालाग्राही द्रव आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवा, ओलावा नावापुरताच ठेवा आणि वीज दुसऱ्या बोगीला तारेने वेगळी द्या. रूळ घासण्यासाठी खरखरीत रबर मात्र वापरू नये, त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांत घाण अधिक पक्की बसते.

चाके स्वच्छ करूनही बोगी मृतच राहिली तर इंजिनाचे आवरण काढा. जुन्या नमुन्यांत बोगीकडून येणाऱ्या तारा सर्किटच्या पट्टीवर प्लॅस्टिकच्या टोप्यांनी नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षांनी त्या सैल होतात, तांबे काळवंडते, आणि इंजिन मधूनच जिवंत, मधूनच मृत असे वागू लागते. टोप्या काढून तारा सोल्डर करा. माझ्या अनुभवात वापरलेल्या इंजिनांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

वापरलेल्या इंजिनात आणखी एक दोष लपलेला असू शकतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एक जुने शंटर मी विकत घेतले. विक्रेत्याच्या टेबलावरील चाचणीच्या रुळावर ते दोनदा मागे-पुढे पळवून पाहिले आणि पैसे दिले. घरी आणून सावकाश चालवले तेव्हा ठराविक अंतराने ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन किंचित उडी घेत होते. अंतर मोजले तर ते सुमारे ३७ मिलिमीटर भरले. एचओमध्ये चाळीस इंची चाकाचा परीघ नेमका तेवढाच असतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. स्वयंपाकघरातील टेबलावर पांढरे फडके अंथरून बोगी उघडली. अशा इंजिनांत धुरा अखंड नसतो, दोन अर्धे धुरे मधल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकात दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेले असतात. ते दातेरी चाक घड्याळजीच्या भिंगाखाली धरले तेव्हा दोन दात्यांच्या मधल्या खोबणीत केसाएवढी काळी रेघ दिसली. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे ताणाखाली राहून तडकले होते, त्या तडीत तेलकट मळ बसला होता, आणि तड गेल्यामुळे तेवढ्या एका जागी दात्यांमधील अंतर वाढले होते. दर फेऱ्याला तेच दोन दाते अडत होते. हाताने पिळल्यावर अर्धा धुरा त्या चाकात सहज फिरला. अशी तड गोंदाने सांधत नाही. चाकच बदलावे लागते. नवे दातेरी चाक बसवल्यावर दोन चाकांमधले अंतर एनएमआरएच्या मापपट्टीने तपासून घ्यावे, नाहीतर एक त्रास जाऊन रुळावरून घसरण्याचा दुसरा सुरू होतो. ही मापे ठरवणारी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झाली, आणि निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने आज एकाच रुळावर चालतात याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तिलाच आहे.

म्हणून पुढच्या वेळी खरेदी करताना इंजिन टेबलावर पळवू नका, रांगवा. विक्रेत्याला नम्रपणे सांगा की मला ते सर्वांत कमी वेगात पाहायचे आहे. जाणकार विक्रेता याला हरकत घेत नाही. चाचणीचा रूळ नसेल तर खिशात नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि दोन तारा ठेवाव्यात; चाकांना स्पर्श करून निदान मोटर फिरते की नाही आणि एकसारखा आवाज येतो की नाही, एवढे कळते. इंजिन उलटे करून चाकांच्या कडा पाहाव्यात. चाकांवरचा मुलामा उडून पितळ दिसत असेल तर ते पुष्कळ धावलेले आहे, आणि अशा चाकांवर मळही लवकर धरतो.

यानंतर डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, या पद्धतीबद्दल थोडेसे. या पद्धतीत रुळांवर वीज सतत पूर्ण असते आणि हुकूम संकेतांच्या रूपाने इंजिनातील डिकोडरपर्यंत पोहोचतो, त्यामुळे अगदी कमी वेगावर मोटरला सांभाळून चालवणे सोपे जाते. डिकोडरमधील क्रमांक दिलेल्या मांडणीच्या मूल्यांना सीव्ही म्हणतात; त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे सीव्ही, म्हणजे सुरुवातीचे व्होल्टेज, असे ठेवा की कंट्रोलरच्या पहिल्याच पायरीवर इंजिन रांगू लागेल. पाचव्या क्रमांकाने सर्वाधिक वेगाला मर्यादा घालता येते. प्रदर्शनात मी तो एवढा खाली आणतो की मुलांनी कंट्रोलर पूर्ण फिरवला तरी इंजिन ताशी पंधरा मैलांच्या पुढे जात नाही. या एका बदलाने माझ्या कितीतरी वाघिणी जमिनीवर पडण्यापासून वाचल्या आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांनी वेग हळूहळू वाढवण्या-घटवण्याचा परिणाम साधतो. तो घरी सुंदर वाटतो, पण पाहुण्यांच्या हाती कंट्रोलर देणार असाल तर अगदी थोडा ठेवा, कारण थांबवल्यावरही पुढे जाणारे इंजिन नवख्याला गोंधळात टाकते.

क्षणभर वीज गेली तरी इंजिन चालू ठेवणारे कपॅसिटर आज सहज मिळतात आणि अनेक जण तोच पहिला उपाय म्हणून सुचवतात. मी तो शेवटी करतो. चाके, तारा आणि फ्रॉग यांतील दोष तसेच ठेवून कपॅसिटर बसवला तर दोष काही काळ झाकला जातो आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी वर येतो. आधी फ्रॉगला वीज द्या. सांधा फिरवणाऱ्या यंत्राला जोडलेल्या लहान स्विचने, किंवा ध्रुव आपोआप बदलणाऱ्या छोट्या सर्किटने ते होते. त्यानंतर जागा असेल तर कपॅसिटर अवश्य बसवावा. ४४ टनी इंजिनासारख्या लहान नमुन्यात ती जागा शोधणे हेच एक काम होऊन बसते, कारण त्याची लांबी एचओमध्ये जेमतेम बारा सेंटीमीटर असते.

मांडणी कोणती करावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इंग्लंडमधील अॅलन राइट यांची इंगलनुक ही रचना घ्या. तिच्यात दोनच सांधे आणि तीन सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ, असतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिनाने मागे-पुढे करायच्या टोकाच्या रुळावर, इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. प्रत्येक वाघिणीचा एक, अशा आठ पत्त्यांतून पाच उचलायचे, आणि ज्या क्रमाने पत्ते निघाले त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये उभी करायची. एवढ्याशा जागेत क्रमांचे ६,७२० प्रकार संभवतात, त्यामुळे दोन दिवस खेळूनही तोच डाव पुन्हा येत नाही म्हटले तरी चालेल. चाळीस फुटी वाघिणी वापरल्या तर सहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर सगळे बसते, आणि ती फळी मधोमध दुभंगली की मोटारीच्या मागच्या आसनावर मावते. मोठ्या दालनात शंभर डब्यांच्या गाड्या गोल फिरत असतात आणि त्या पाहायला गर्दीही असते, पण त्या गर्दीतला माणूस मिनिटभरात पुढे सरकतो. शंटिंगच्या फळीसमोर तो थांबतो, कारण निळी वाघीण बाहेर कशी काढणार हे त्याला स्वतःला सोडवून पाहायचे असते.

वाघिणींकडे इंजिनाइतकेच लक्ष द्यावे लागते. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एचओमध्ये वाघिणीचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावे. चाळीस फुटी वाघिणीला ते सुमारे १०५ ग्रॅम येते. हलकी वाघीण ढकलताना सांध्यावर उचलली जाते. सर्व कपलिंग (वाघिणी जोडणारे आकडे) केडी या कंपनीच्या मापपट्टीवर एकाच उंचीला आणून ठेवा. वाघिणी सोडवण्यासाठी कबाबची बांबूची काडी दोन कपलिंगच्या मधोमध उभी घालून किंचित फिरवायची; चुंबकांपेक्षा ती मला भरवशाची वाटते, आणि मुले ती युक्ती एकदा पाहून शिकतात.

चाके मात्र सर्व धातूचीच हवीत. हा धडा मला एका प्रदर्शनाच्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास मिळाला. आठेक वर्षांची एक मुलगी अर्धा तास माझ्या मांडणीसमोर उभी होती. तिने स्वतः पत्ते काढले होते, चार वाघिणी बरोबर क्रमाने लावल्या होत्या, आणि पाचवी घेऊन येताना इंजिन दुसऱ्या सांध्यावर थांबले. मी बोटाने ढकलले. आमच्या छंदात हाताच्या पाच बोटांना ०-५-० रचनेचे इंजिन म्हणतात, आणि प्रेक्षकांसमोर ते वापरावे लागू नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. पुढे गेले, पुन्हा थांबले. तिने कंट्रोलर माझ्या हातात परत दिला आणि विचारले, ‘माझं काही चुकलं का?’ तिचे काहीच चुकले नव्हते. संध्याकाळी वाघिणी उलट्या करून पाहिल्या तेव्हा दोन वाघिणींच्या प्लॅस्टिकच्या चाकांवर काळ्या मळाची वळी जमलेली होती, आणि ती चाके दोन दिवस तो मळ सगळ्या रुळांवर पसरवत होती. त्या रात्री मी सगळ्या वाघिणींची चाके बदलायची ठरवली. तेव्हापासून दर दोन तासांनी, कितीही गर्दी असली तरी, पाच मिनिटे थांबून रूळ आणि इंजिनाची चाके पुसतो, आणि एक तपासलेले इंजिन खाली पेटीत राखीव ठेवतो.

दालनातील परिस्थिती घरासारखी नसते. वेस्ट स्प्रिंगफिल्डचे प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरील चार मोठ्या इमारतींत भरते आणि जानेवारीअखेर मॅसॅच्युसेट्समध्ये कडाक्याची थंडी असते. रात्रभर मोटारीत राहिलेले इंजिन उबदार दालनात आणल्याबरोबर पेटी उघडली तर त्यावर दव धरते. पेटी बंद ठेवून तासभर जाऊ द्यावा. फळीच्या जोडावर रुळांची टोके पितळी स्क्रूवर किंवा तांब्याच्या पट्टीवर सोल्डर करून पक्की करा, आणि दोन भाग नेमके जुळण्यासाठी लाकूडकामातील धातूच्या खुंट्या बसवा. नुसत्या बोल्टवर विसंबू नका. जमीन सपाट नसते, म्हणून पायांना उंची कमी-जास्त करणारे स्क्रू हवेतच. रुळाची उंची मी ४४ इंचांच्या आसपास ठेवतो आणि मुलांसाठी एक भक्कम पायरी नेतो. प्रकाश स्वतःचा न्यावा, दालनातील दिवे फार उंचावर असतात. पुण्याला गेलात तर कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय वेळ काढून पाहा. १९९८ पासून तिथे प्रेक्षकांसमोर गाड्या चालत आल्या आहेत, आणि रोज चालणारी मांडणी कशी राखतात हे जवळून पाहण्यासाठी महाराष्ट्रात मला तेच ठिकाण सुचते.

आता मिरज. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र येत, आणि आपल्याला तेच दाखवायचे आहे. अडचण ब्रॉडगेजची आहे. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा १४३५ मिलिमीटर मापासाठी आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर भरते, आणि तो रूळ व ती चाके हातानेच करावी लागतील. पण मीटरगेज १:८७ मध्ये ११.५ मिलिमीटर येते, आणि स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी १२ मिलिमीटरचा एचओएम रूळ, सांध्यांसह, युरोपात तयार मिळतो. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी नॅरोगेज ८.८ मिलिमीटर भरते, त्यासाठी ९ मिलिमीटरचा रूळ आहेच. याचा अर्थ असा की मिरजेच्या मीटरगेज यार्डाची इंगलनुक आपण जवळजवळ अचूक मापात करू शकता, आणि मागच्या कडेला नॅरोगेजची एक सायडिंग उभी करून तिच्यावर दोन वाघिणी ठेवू शकता. इंजिन म्हणून वायडीएम ४ हे मीटरगेजचे डिझेल इंजिन करता येईल. तेही अल्कोच्याच घराण्यातले आहे. तयार नमुन्याच्या मागे न लागता बारा मिलिमीटरवर चालणाऱ्या एखाद्या युरोपीय इंजिनाची चौकट घेऊन वरचे आवरण त्रिमितीय छपाईने करवून घ्यावे लागेल, आणि त्याला वर्ष लागेल हे गृहीत धरा.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात अमेरिकन यार्डाचीच फळी न्या. तोपर्यंत मीटरगेजची एकच वाघीण, पत्र्याच्या छपराची बंद वाघीण, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून तयार करायला घ्या. मीटरगेजला दोन बफर नसून मधोमध एकच बफर असे आणि तिथेच जोडणीची व्यवस्था असे. त्या जागी केडीचे लहान मापाचे कपलिंग बसवले तर दोन फुटांवरून पाहणाऱ्याला ते खटकत नाही, आणि वाघीण सोडवायला तीच बांबूची काडी चालते.